नाडा, ओळंबा आणि कर्ण : तिरक्या ओढीचा इतिहास



साहित्य मंडळाच्या व्याख्यानाला होमिओपॅथीचा डॉक्टर आणि विषय पदार्थविज्ञानातला, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण आज मला जे सांगायचे आहे त्यात दोरी आहे, बैल आहेत, तोफ आहे, एक जैन पंडित आहे आणि शेवटी भाषाही आहे. अकरावीच्या मुलांना रडवणारे एक गणित आहे : बल तिरके लावले तर त्यातले किती कामी येते? हे गणित आपल्या मातीत किती जुने आहे आणि तरीही आपल्याच मुलांना ते परके का वाटते, एवढाच माझा विषय आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षी परीक्षेत प्रश्न आला. जमिनीवर एक पेटी आहे, तिला दोरी बांधून ३० अंशांच्या कोनात ओढले आहे, तर पेटी हलेल का? सातवीपर्यंत मराठीत शिकलेला मी तोवर इंग्रजी शब्दांशीच झुंजत होतो. मी पेटीचे सगळे वजन जमिनीवर टाकले, त्यावरून घर्षण काढले आणि दोरीची सगळी ओढ पुढे धरली. दोन्ही चुका. गुण शून्य. शिक्षकांनी उत्तरपत्रिका वर्गात वर धरून दाखवली आणि शेतावरच्या मुलांनी विज्ञान शाखेला कशाला यावे, असे विचारले. तो प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात सलत राहिला.

त्या उन्हाळ्यात आमच्या मळ्यात बाभळीचा ओंडका हलवायचा होता. पूर्वी मोट हाकणारे एक काका तेव्हाही आमच्याकडे कामाला होते. मी दोर जमिनीलगत धरून ओढू लागलो. काका म्हणाले, "बाळा, असं नको. दोर आखूड घे, जरा वर धर. वर धरलं की त्याचं ओझं भुईला कमी लागतं." मी दोर आखूड घेतला आणि ओंडका सरकला. मला ज्या गणितात शून्य मिळाले होते, त्याचे उत्तर काकांनी दोन वाक्यांत दिले होते. ते कधी शाळेत गेले नव्हते.

आता तेच आकड्यांत मांडू. समजा, ओंडका २०० किलोचा आहे आणि जमिनीवर जितके ओझे पडते त्याच्या निम्मे घर्षण होते. माणसे मिळून १०० किलो वजनाइतकी ओढ लावतात. दोर आडवा धरला तर जमिनीवर ओझे २००, घर्षण १००, पुढची ओढ १००. बरोबरी झाली, ओंडका जागचा हलत नाही. आता तोच दोर जमिनीशी ३० अंश वर धरा. १०० किलोच्या ओढीचे दोन वाटे होतात. पुढे सुमारे ८७ आणि वर ५०. वरचे ५० ओंडक्याला उचलू पाहतात, म्हणून जमिनीवर ओझे राहते १५० आणि घर्षण ७५. पुढे ८७, मागे ७५ : ओंडका चालू लागतो. आता ओढण्याऐवजी मागून ३० अंश खाली दाबत ढकला. पुढे तेच ८७, पण ५० जमिनीत गेले. ओझे २५०, घर्षण १२५. कितीही घाम गाळा, ओंडका ढिम्म.

माणसे तीच, जोर तोच, फक्त कोन बदलला. एकदा बरोबरी, एकदा यश, एकदा हार. अंगणातला दगडी रूळ ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे का जाते, त्याचे उत्तरही हेच. पण वर धरण्यालाही मर्यादा आहे. दोर ६० अंशांवर नेला तर हाच ओंडका हलवायला १०७ किलोची ओढ लागेल, म्हणजे आडव्या दोरापेक्षाही जास्त. निम्म्या घर्षणाच्या जमिनीवर सर्वांत सोयीचा कोन साधारण २७ अंशांचा, तेव्हा ८९ किलोत काम भागते. काकांचे "जरा वर" हे शब्द किती नेमके होते ते पाहा. "पुष्कळ वर" असे ते म्हणाले नव्हते.

आता इतिहासाकडे वळतो. इथून फार दूर नाही, सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. आम्ही जैन मंडळी तिथल्या नेमिनाथ बसदीच्या दर्शनाला जातो. आज गाव लहान दिसते, पण हीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाच्या जैन पंडिताने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या आरंभी अमोघवर्षाची स्तुती आहे. १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला आणि १९६३ साली लक्ष्मीचंद्र जैन यांचे हिंदी भाषांतर आपल्या सोलापुरातून जीवराज जैन ग्रंथमालेत निघाले.

या ग्रंथाच्या क्षेत्रगणितात दोन खांब आणि दोऱ्यांचे एक उदाहरण येते. प्रत्येक खांबाच्या टोकापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत दोरी ताणली आहे. दोन्ही दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा जमिनीपासून किती उंच? समजा, एक खांब ६ हात आणि दुसरा ३ हात. उंचींचा गुणाकार १८, बेरीज ९, भागाकार २. छेद दोन हातांवर. गंमत अशी की खांबांमधले अंतर काहीही असो, उत्तर बदलत नाही. या उंचीला अवलंबक असा शब्द आहे. गवंड्याच्या हातातला ओळंबा याच ‘अवलंब’ शब्दाचा वंशज. त्याच्या दुसऱ्या हातातल्या काटकोनी पट्टीला आपण फारसीतून आलेला गुण्या हा शब्द वापरतो. उभी दिशा दाखवायला ओळंबा आणि काटकोन तपासायला गुण्या. तिरक्या बलाचे वाटे करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंना आपल्या जुन्या गणितात भुज, कोटी आणि कर्ण म्हणत. आडवी बाजू भुज, उभी कोटी, तिरकी कर्ण. आता ओंडक्याचा दोर आठवा. दोर म्हणजे कर्ण, पुढची ओढ म्हणजे भुज, वर उचलणारा वाटा म्हणजे कोटी. सगळी सामग्री मळखेडला हजार वर्षांपूर्वी हजर होती. तरीही एक पाऊल राहून गेले. महावीराचार्यांच्या त्या दोरीची लांबी गणितात आली, ताण आला नाही. रेघ ही फक्त अंतर दाखवते असे नाही, ती जोरही दाखवू शकते. चार बोटे रेघ म्हणजे चाळीस किलोची ओढ असे मानता येते. ही कल्पना त्या दोरीला चिकटली नाही.

आपल्याकडे ताण कोणाला कळत नव्हता, असे मात्र नाही. तो पोथीत नव्हता, हातात होता. मोटच घ्या, जिला इथल्या कानडीत कपिले म्हणतात. विहिरीच्या काठापासून बैलांसाठी उतरती धाव केलेली असे. चाकावरून आलेला नाडा जुवाला बांधलेला. बैल उतारावरून खाली जात आणि भरलेली मोट वर येई. समजा, एकेक बैल ४०० किलोचा आणि धावेचा उतार १० अंशांचा. जोडीच्या ८०० किलो वजनाचा उताराच्या दिशेने येणारा वाटा सुमारे १३९ किलो. एवढी ओढ बैलांनी पाय रोवण्याआधी त्यांच्या वजनातूनच मिळते. मोट हाकणारा उतरताना ताठ नाड्यावर बसे, तेव्हा त्याच्याही वजनाचा थोडा वाटा कामी येई आणि चालण्याचे श्रम वाचत. ही उसनवारी बैलांना परत वर येताना फेडावी लागे, पण तेव्हा मोट रिकामी असे. भरल्या मोटेला उतार आणि रिकाम्या मोटेला चढ, अशी ही वाटणी शेकडो वर्षांच्या अनुभवातून ठरलेली होती.

याहून मोठे उदाहरण मुलूखमैदान तोफेचे. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरा सांगते. नद्यांवर हल्लीसारखे पूल नव्हते आणि वाटेत सारी काळी जमीन. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नावेत हत्ती चढवून, नाव किती बुडाली याची खूण करून, मग तितकेच दगड भरून हत्तीचे वजन काढले, ती तुळापूरची प्रसिद्ध गोष्टही याच मुरारपंतांची.

एवढे बैल एका ओझ्याला लावताना कोनाचा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. रांगा पंख्यासारख्या पसरल्या आणि एखादी रांग मधल्या दिशेपासून ३० अंश बाजूला गेली, तर तिच्या शंभरातले ८७च पुढे जातात. ६० अंश गेली तर पन्नासच. बाकीची डावी ओढ उजवीला खाते आणि उजवी डावीला. म्हणून अवजड ओझ्याला बैल लांबच लांब जोड्यांनी, एकापुढे एक जुंपावे लागतात. शिवाय जू उंच आणि ओझे खाली असले की दोर तिरका होतो आणि ओझ्याचा थोडा भार उचलला जातो, पण तितकाच भार बैलांच्या मानेवर उतरतो. चिखलात रुतलेल्या ओझ्याला तिरकी ओढ उपयोगी पडते. चाके मोकळी फिरू लागली की सपाट ओढ बरी. तो काफिला हाकणाऱ्यांना हे माहीत असणारच. नसते, तर तोफ विजापूरला पोचली नसती.

त्या प्रवासाच्या सेहेचाळीस वर्षे आधी, १५८६ साली, नेदरलंड्समधल्या लायडन शहरात सिमोन स्टेव्हिन या इंजिनियरचे वजनशास्त्रावरचे पुस्तक निघाले. स्टेव्हिन जमाखर्चाची पद्धत शिकवत असे, पवनचक्क्या आणि पाण्याचे दरवाजे यांवर काम करी आणि राजपुत्र मॉरिसच्या सैन्याचा सल्लागार होता. म्हणजे पोथी आणि दोरी दोन्ही त्याच्या हातात. त्याने एक उतरता त्रिकोण काढला, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांबीचा. त्यावर चौदा गोळ्यांची माळ टाकली. लांब उतारावर चार गोळे, आखूड उतारावर दोन, बाकी आठ खाली लोंबणारे. तो म्हणाला, ही माळ आपोआप फिरू लागली तर कायमची फिरत राहील, कारण फिरूनही तिची रचना तीच राहते. असे कधी घडत नाही, म्हणून माळ स्थिर. खालचा लोंबता भाग दोन्हीकडे सारखाच ओढतो, तो काढून टाका. मग लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोन गोळ्यांना तोलून धरतात. उतार जितका लांबट, तितका वजनाचा ओढणारा वाटा कमी. मोटेच्या धावेचा हिशेब एका माळेतून सिद्ध झाला.

या वाटेवर स्टेव्हिन पहिला नव्हता. ग्रीक पॅपसने उताराचे गणित करून पाहिले आणि तो चुकला. तेराव्या शतकात जॉर्डेनस या युरोपीय पंडिताच्या परंपरेत त्याचे बरोबर उत्तर आले होते. पण स्टेव्हिनची दुसरी गोष्ट आपल्या मंडळाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या काळी विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. स्टेव्हिनने हे पुस्तक डचमध्ये लिहिले आणि त्याच्या आरंभी डच भाषेच्या थोरवीवर स्वतंत्र निबंध जोडला. कारागिरांनाही वाचता यावे अशी भाषा त्याला हवी होती. त्यासाठी त्याने नवे शब्द घडवले. गणिताला डचमध्ये आजही जो शब्द वापरतात तो त्याच्याशी जोडलेला आहे.

पुढे १६८७ साली दोन पुस्तके निघाली. लंडनला न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ आणि पॅरिसला व्हारिन्यों याचे नव्या यंत्रशास्त्राचे पुस्तक. दोघांनीही दोन बलांचा मेळ समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने दाखवला. रेघ म्हणजे बल, ही कल्पना आता पक्की झाली. त्याच साली आपल्या दख्खनमध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. विजापूर आदल्या वर्षीच पडले होते आणि मुलूखमैदानावर बादशहाच्या विजयाचा लेखही कोरला गेला. तोफेवर नवे अक्षर चढले, पण तोफ ओढणाऱ्यांचे ज्ञान कागदावर चढले नाही.

असे का झाले? माझा तर्क साधा आहे. आपल्याकडे कर्ण जाणणारा पंडित आणि नाडा जाणणारा मोटकरी एका सतरंजीवर बसले नाहीत. पंडिताने दोरीला हात लावला नाही आणि मोटकऱ्याच्या हाती लेखणी आली नाही. बुद्धी दोघांकडे होती, पण बैठक एक नव्हती.

नवे शास्त्र आपल्याकडे आले तेही वेगवेगळ्या दारांनी. पुण्यामुंबईकडे एकोणिसाव्या शतकात केरोपंत छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी पदार्थविज्ञानावर मराठीत शालेय पुस्तके लिहिली. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. आपण मात्र निजामाच्या मुलखात होतो. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे, आणि त्यासाठी भाषांतराचे मोठे खाते उभे राहिले. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवण्याचा तो धाडसी प्रयोग होता, पण ती भाषा आपल्या घरातली नव्हती. आपल्या आजोबांच्या पिढीतली मुले बलाला कुव्वत, कोनाला जाविया आणि घर्षणाला रगड म्हणत शिकली. १९४८ साली निजामाचे राज्य गेले. १ नोव्हेंबर १९५६ला बिदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्रात गेले आणि आपला बसवकल्याण तालुका म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून शाळेत कानडी, घरात मराठी आणि पी.यू.सी.ला इंग्रजी.

आपण याला अडचण म्हणतो. पण शब्द नीट पाहा. कानडीतही बल म्हणजे बल, कोन म्हणजे कोन आणि घर्षणाला घर्षणे. उर्दूतली रगड तर आपल्या बोलीतच आहे. आणि मुलांना ज्या शब्दाची धडकी भरते तो साइन? धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणतात. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास अर्ध्या जीवांचे कोष्टक दिले. अरबांनी जीवा हा शब्द जसाच्या तसा घेतला, तो पुढे त्यांच्या लिपीत जैब असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा खळगा. बाराव्या शतकात युरोपीय भाषांतरकारांनी त्याचे लॅटिन केले सायनस, त्याचे झाले साइन. कोसाइनला आपल्याकडे कोटिज्या होतेच. म्हणजे पी.यू.सी.च्या फळ्यावर जो परका पाहुणा दिसतो, तो आपल्याच धनुष्याची दोरी आहे. फुशारकी मारावी म्हणून हे सांगत नाही. या दोरीला बगदाद, स्पेन, लायडन, लंडन अशा अनेकांनी गाठी मारल्या म्हणून ती इतकी लांब झाली. ती कोणा एकाची नाही, आणि म्हणून कोणाला परकीही नाही.

माझ्या व्यवसायाजवळचे एक उदाहरण देतो. मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाचा पाय दोऱ्या आणि वजनांनी ताणून ठेवलेला तुम्ही इस्पितळात पाहिला असेल. ते काम माझे नाही, अस्थिरोगतज्ज्ञांचे. पण त्यातली एक पद्धत मेलबर्नच्या हॅमिल्टन रसेल या शल्यविशारदाने १९२४ साली मांडली. गुडघ्याखाली झोळी. तिची दोरी वरच्या कप्पीवरून खाटेच्या पायथ्याशी जाते, पावलाजवळच्या कप्पीला वळसा घालते आणि शेवटी वजन लोंबते. समजा, वजन साडेतीन किलो. झोळी साधारण तेवढ्याच जोराने वर ओढते. पावलाजवळ दोरीचे दोन पदर असल्यामुळे आडवी ओढ दुप्पट, म्हणजे सात किलो. भुज सात, कोटी साडेतीन. त्यांचा कर्ण सुमारे ७.८ किलोचा, आणि तो मांडीच्या हाडाच्या दिशेत येतो. हाडाच्या रेषेत एकही दोरी बांधलेली नाही, तरी ओढ बरोबर त्याच रेषेत लागते. ओंडक्यापाशी काकांनी एका तिरक्या ओढीचे दोन वाटे मला दाखवले होते. रसेलने दोन वाटे जोडून हवी ती तिरकी ओढ तयार केली. गणित एकच, फक्त उलट वाचलेले.

माझे सांगणे एवढेच आहे. तिरके लावलेले बल वाया जात नाही, त्याचे वाटे होतात. ते वाटे ओळखता आले की ज्याला आपण नुकसान समजतो, तेच कधी ओझे हलके करते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, कॉलेजात तिसरी; आपल्या सीमाभागातल्या मुलांवरची ओढही तिरकीच आहे. तिचा कोणता वाटा पुढे नेतो आणि कोणता जमिनीत दाबतो, हे मोठ्यांनी पाहायला हवे. कानडी आणि मराठीचे सामाईक शब्द पुढे नेतात. "शेतावरच्या मुलांनी विज्ञानाला का यावे" असले प्रश्न खाली दाबतात.

म्हणून मंडळाला एक विनंती करतो आणि थांबतो. पुढच्या वर्षीच्या बालमेळाव्यात गोष्टी आणि कविता असू द्याच, पण सोबत एक वीट, एक सुतळी, स्प्रिंगचा तानकाटा आणि कोनमापक ठेवा. मुलांना वीट आधी आडवी, मग ३० अंशांवर, मग ६० अंशांवर ओढू द्या आणि काट्यावरचे आकडे वहीत लिहू द्या. बाजूला खुर्ची टाकून एखाद्या म्हाताऱ्या मोटकऱ्याला मानाने बसवा. आपल्या गावांत असे थोडेच उरले आहेत. मुलांनी त्यांना विचारावे, "आजोबा, दोर कुठं धरायचा?" ते जे सांगतील तेही वहीत लिहून घ्यावे. मळखेडच्या पोथीत ते लिहायचे राहून गेले होते.